थेंबांची मोळी: बॉयलरमधला फवारा कॉम्प्युटरवर कसा मांडतात

दसरा जवळ आला की आमच्या बेळगावकडच्या चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी भागातल्या साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचे कार्यक्रम सुरू होतात. चेअरमन सपत्नीक पूजेला बसतात, नारळ फुटतो, भट्टीत पेटता बोळा जातो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्या फोटोत भट्टीचं दार तेवढं दिसतं. गाळप सुरू झाल्यावर दारामागे काय चालतं, त्यातली एकच बारीक गोष्ट आज सांगतो. नोझलमधून भट्टीत उडणारा फवारा, आणि तो कॉम्प्युटरवर मांडायची खटपट.

कुणी म्हणेल, साखर कारखान्याचा बॉयलर तर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर चालतो, त्यात फवारा कुठला? फवारे बरेच असतात. को-जनरेशनच्या, म्हणजे वाफ आणि वीज एकदम काढणाऱ्या बॉयलरमधून चौरस सेंटिमीटरला ६७ किलो, काही ठिकाणी ११० किलो दाबाची वाफ निघते, तापमान ४८५ ते ५४० अंशांच्या घरात. बगॅस कधी कोरडं येतं, कधी ओलं, आणि त्याप्रमाणे वाफेचं तापमान नाचतं. टर्बाइनला हे नाचणं खपत नाही. म्हणून वाफेच्या पाइपातच स्वच्छ पाण्याचा फवारा मारून तिला वेसण घालतात. त्याला डिसुपरहीटर म्हणतात. तिथे थेंब जाड पडला तर आटायच्या आत पुढच्या वळणावर आपटतो, आणि तापलेल्या पाइपावर पुन्हापुन्हा गार पाणी आपटलं की त्याला तडे जातात. चिमणीच्या अलीकडे राख धरायला वेट स्क्रबर असतो, तिथे फवारा. डेअरीत, दवाखान्याच्या लाँड्रीत, लहानमोठ्या कारखान्यांत तेलावरचे बॉयलर असतात, तिथे तर आग पेटते तीच फवाऱ्यावर.

पण आमच्या भागातला खरा अवघड फवारा डिस्टिलरीचा. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की मागे ८ ते १५ लिटर तांबडंकाळं, आंबूस वासाचं स्पेंट वॉश उरतं. ते ओढ्यात सोडता येत नाही. इथे प्रत्येक ओढा शेवटी कृष्णेला नाहीतर घटप्रभेला मिळतो, आणि खालच्या गावांना तेच पाणी प्यायचं असतं. मग ते स्पेंट वॉश आटवतात, ६० ब्रिक्सच्या (शेकडा साठ भाग विरघळलेला माल) आसपास दाट करतात आणि बॉयलरच्या भट्टीत फवारून जाळतात. सोबतीला बगॅस किंवा कोळसा लागतो. कामगारांच्या तोंडी त्या दाट रसाचं नाव स्लॉप, आणि तो भट्टीत उडवणाऱ्या नळीचं नाव गन. वाफेच्या जोरावर स्लॉप फोडून गन त्याचे थेंब करते. थेंब उडता उडता वाळला पाहिजे आणि पेटला पाहिजे. ओला असताना भिंतीला किंवा नळ्यांना लागला तर चिकटतो, त्यावर दुसरा चिकटतो, आणि राखेतल्या पालाशाचे क्षार कमी तापमानालाच वितळत असल्याने बघता बघता दगड होतो. त्याला क्लिंकर म्हणतात. तो फोडायला बॉयलर थंड करावा लागतो, आणि हंगामात बॉयलर थंड करणं म्हणजे काय ते ऊस तोडून दारात गाड्या उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा.

माझे मामा फायरमन होते. भट्टीच्या काचेतून एक डोळा मिटून बघायचे आणि ज्वाळेच्या रंगावरून हवा कमी-जास्त करायला सांगायचे. त्यांचं फवाऱ्याबद्दलचं मत ठाम होतं: “बारीक मार रे, धुकं होऊ दे, सगळं जळतंय बग.” मीही पुष्कळ वर्षं तेच धरून चाललो. ते अर्धंच खरं आहे हे मला थेंबांचा हिशोब मांडायला लागल्यावर कळलं.

खरं असलेलं अर्धं आधी घेऊ. एक लिटर पाण्याचा एकच गोळा केला तर तो साधारण साडेबारा सेंटिमीटर रुंद होईल, नारळाएवढा. त्याच लिटरचे १०० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाहून थोडे जाड थेंब केले तर ते सुमारे १९१ कोटी होतात, आणि त्या सगळ्यांची मिळून कातडी, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग, ६० चौरस मीटर भरते. साडेसहाशे चौरस फूट, बेळगावच्या टिळकवाडीतला एक लहान फ्लॅट. गोळ्याच्या कातडीच्या हजार-बाराशे पट. उष्णता आत शिरते ती या कातडीतून, वाफ बाहेर पडते तीही तिच्यातूनच. थेंब आटायला लागणारा वेळ तर व्यासाच्या वर्गाने वाढतो. व्यास चौपट, वेळ सोळापट. हजार अंशांच्या भट्टीत साध्या पाण्याचा १०० मायक्रॉनचा थेंब माझ्या ढोबळ गणिताने सेकंदाच्या पंधराव्या-विसाव्या भागात संपतो. ४०० मायक्रॉनच्याला सेकंदभर लागतो. भट्टीत सेकंद ही फार मोठी मुदत असते. तेवढ्यात धूर चार-पाच मीटर वर चढून गेलेला असतो.

आता उरलेलं अर्धं. खानापूर, आंबोलीकडचा आषाढातला पाऊस ज्याने खाल्लाय त्याला हे सांगायची गरज नाही. भुरभुर पाऊस छत्री असून भिजवतो, कारण तो खाली पडतच नाही. वारा जाईल तिकडे जातो, छत्रीखालून येतो, पडवीत येतो. वळवाचा टपोरा थेंब मात्र सरळ टाळक्यात बसतो. तीन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला आठेक मीटरने खाली येतो, १०० मायक्रॉनचा पाव मीटरनेच. भट्टीत हेच होतं. गनमधून सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटलेल्या १०० मायक्रॉनच्या थेंबाचा दम अर्ध्या मीटरच्या आतच संपतो. मग धूर त्याला उचलून वर नेतो. भट्टीच्या मध्यात, जिथे आग आहे तिथे तो पोचतच नाही. ४०० मायक्रॉनचा थेंब काही मीटर आत घुसतो, पण त्याला आटायला वेळ हवा आणि समोर भिंत येते. म्हणजे बारीक थेंब वर पळतो, जाड थेंब भिंतीवर जातो, आणि मधला जो काय आहे तो किती मायक्रॉनचा, किती कोनात, भट्टीच्या कुठल्या उंचीवरून सोडायचा, हा प्रश्न. काचेतून बघून त्याचं उत्तर मिळत नाही. आत डोकावणं शक्य नाही. म्हणून कॉम्प्युटर.

सडा कसा फुटतो

त्याआधी द्रवाचा थेंब होतो कसा, हे बघायला सकाळी अंगणात सडा टाकताना हात बघा. हाताला हिसका बसला की आधी पाण्याचा पातळ पडदा सुटतो. पडद्याला भोकं पडतात, त्याचे दोरे होतात, आणि दोरे तुटून मणी होतात. औषध मारायच्या पाठीवरच्या पंपाचं नोझल उघडलं तर आत एक तिरक्या खाचांची चकती सापडते. पाणी त्या खाचांतून गरगरत येतं, भोकाच्या कडेला चिकटून बाहेर पडतं, मधे हवेचा पोकळ गाभा राहतो आणि बाहेर शंकूच्या आकाराचा पडदा उघडतो. बॉयलरच्या कितीतरी नोझलांत हीच युक्ती आहे, फक्त पितळेऐवजी जास्त कणखर धातू. तिची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे: पाणी दुप्पट हवं असेल तर दाब चौपट करावा लागतो. स्लॉपसारख्या चिकट मालासाठी म्हणूनच वाफेची मदत घेतात.

दोरा तुटून मणी का होतात, हे इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये गणिताने दाखवलं. पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या वरच्या थराची आवळून धरायची ओढ, दोऱ्यावर आलेली बारीकशी लाट वाढवत नेते. दोऱ्याच्या जाडीच्या साडेचारपट अंतराची लाट सगळ्यात लवकर वाढते, आणि तिथून निघणारा मणी दोऱ्याच्या पावणेदोन-दोनपट जाड होतो. नळ बारीक सोडून धार कुठे तुटते ते पाहिलं तर हे घरीही दिसतं.

सुटलेला थेंब पुढे आणखी फुटेल का, हे भांडण हवा आणि पृष्ठताण यांच्यातलं. हवा त्याला चपटा करून फाडू बघते, पृष्ठताण गोल धरून ठेवू बघतो. दोघांच्या बळांच्या गुणोत्तराला वेबर अंक म्हणतात. तो साधारण १२ च्या वर गेला की थेंब फुटतो. यात एक मेख आहे, आणि ती पुढे मला चांगली महागात पडली. हवेचं बळ तिच्या घनतेवर असतं. हजार अंशांचा धूर अंगणातल्या हवेच्या जेमतेम पाव घनतेचा असतो. थेंब आणि हवा यांच्या वेगात सेकंदाला १०० मीटरचा फरक आहे असं धरून पाण्याचा हिशोब केला तर अंगणातल्या हवेत ७० मायक्रॉनवरचा थेंब तगत नाही, पण भट्टीतल्या विरळ धुरात ३०० मायक्रॉनपर्यंतचा थेंब धडधाकट राहतो. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, त्यामुळे इथली हवा मुळातच सात-आठ टक्के विरळ. किनाऱ्यावरचे आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत, पंख्यांचे तर अजिबात नाहीत.

आणि दाटपणा, म्हणजे द्रवाचा वाहायला होणारा विरोध. गुऱ्हाळावर गरम काकवी ओतून बघा आणि तीच सकाळी थंड झाल्यावर ओतून बघा. थंड काकवीचा सडा होत नाही, ती तार धरते. साखरेचा ६० टक्क्यांचा पाक २० अंशांच्या पाण्याशी ताडून पाहिला तर २० अंशांना ५८ पट दाट असतो, ४० अंशांना २१ पट, आणि १० अंशांवर आला की शंभराच्या पार जातो. भट्टीच्या तेलाचंही तेच. आपल्याकडे सर्रास मिळणारं फर्नेस ऑइल ५० अंशांना १८० सेंटीस्टोकपर्यंत (हे दाटपणाचं माप) दाट असू शकतं. नीट फवारायला ते त्याच्या दहाव्या भागावर आणावं लागतं, म्हणून शंभर अंशांच्या वर तापवतात. ज्या कारखान्यात तेलाचा हीटर बंद पडलाय तिथे चिमणी काळा धूर ओकून गावाला ते सांगते.

खण, खतावणी आणि मोळी

आता कॉम्प्युटर. भट्टी समजा सहा बाय सहा मीटरची आणि वीस मीटर उंच. तिचे वीस लाख खण पाडायचे, प्रत्येक साधारण सात सेंटिमीटरचा. गावच्या नकाशावर जसे गट नंबर, तसा प्रत्येक खणाला नंबर. मग प्रत्येक खणाची खतावणी: शेजारून किती धूर आला, किती गेला, किती उष्णता आली, किती वेग आला. आलं-गेलं जुळलंच पाहिजे. वस्तुमान, वेग आणि उष्णता यांची ही जमाखर्चाची समीकरणं दीडशे-दोनशे वर्षं जुनी आहेत, कोडं आहे ते सोडवण्याचं. वेग काढायला दाब माहीत हवा, पण दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. तो असा असला पाहिजे की खतावणी जुळेल, एवढीच अट.

ही गाठ सोडवणाऱ्यांत एक आपला माणूस आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सुहास पाटणकर. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले ब्रायन स्पाल्डिंग आणि त्यांनी १९७२ मध्ये एक पद्धत मांडली, नाव ‘सिंपल’. आधी दाबाचा अंदाज करायचा, त्यावरून वेग काढायचे, खतावणीत किती तूट येते ती बघायची, त्या तुटीवरून दाब सुधारायचा, आणि जुळेपर्यंत हेच. घरखर्चाची वही जुळवताना आपण वेगळं काय करतो? आज जगभर पंखे, इंजिनं, भट्ट्या यांची गणितं करणारी बहुतेक सॉफ्टवेअरं या पद्धतीवर किंवा तिच्या लेकीसुनांवर चालतात. ओपनफोमसारखं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं, इंजिनिअरिंगची पोरं त्यावर प्रोजेक्ट करतात.

धुराचं झालं. थेंबांचं काय? एका लिटरचे १९१ कोटी, आणि गन दिवसरात्र चालू. एकेका थेंबाचा माग ठेवणं कुठल्याच यंत्राला झेपणार नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतले ड्युकोविच यांनी १९८० मध्ये यावर जी तोड लोकांपुढे ठेवली ती ऊसवाल्यांना लगेच कळेल. काट्यावर कुणी ऊस मोजत नाही, मोळ्या येतात. एकाच व्यासाचे, एकाच वेगाचे, एकाच तापमानाचे हजारो-लाखो थेंब एका मोळीत बांधायचे आणि मोळीला एकच थेंब समजून चालवायचं. पुस्तकात त्याला पार्सल म्हणतात. मी मोळीच म्हणतो. पन्नास हजार किंवा लाखभर मोळ्यांत अख्खा फवारा बसतो.

मोळी गनच्या तोंडातून सुटली की क्षणाक्षणाला तिला तेच प्रश्न. धूर तुला किती ओढतोय? वजन किती खाली खेचतंय? किती तापलीस, किती पाणी गेलं, व्यास किती उरला? ती ज्या खणातून जाते त्याच्या खतावणीत देणंघेणं लिहिते: इतकी उष्णता घेतली, इतकी वाफ दिली, इतका वेग दिला. मग धुराचं गणित नव्याने, कारण तो आता थोडा गार आणि थोडा ओला झालाय. मग पुन्हा मोळ्या. असे शेकडो फेरे. धूर काही शहाण्यासारखा सरळ जात नाही, भोवरे घालतो. ते सगळे भोवरे वीस लाख खणांत मावत नाहीत, म्हणून मोळीला मधूनमधून फासे टाकून धक्के देतात. दोन सारख्या मोळ्या दोन वाटांनी जातात, तसंच व्हायला हवं.

थेंब वाटेत फुटतो का, तेही मोळीतच बघतात. ओरूर्क आणि आम्सडेन यांची १९८७ ची कल्पना मला फार आवडते. थेंब म्हणजे स्प्रिंगला टांगलेलं वजन. पृष्ठताण ही स्प्रिंग, दाटपणा हा झोका मंदावणारा, हवा धक्के देणारी. झोका ठराविक मर्यादेबाहेर गेला की थेंब फुटला असं मानायचं. मूळ साम्य जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं, म्हणून नावही त्यांचं.

पहिला घास

इथवर वाचून वाटेल की सगळं जमलं. मलाही वाटलं होतं.

मोळी सुटते तेव्हा तिचा व्यास कुठून आला? पडदा, भोकं, दोरे, मणी हे सगळं गनच्या तोंडाशी, दोन बोटं जागेत होतं. ते खरोखर गणिताने काढायचं तर खण सगळ्यात बारीक थेंबाहूनही बारीक हवेत. दोन सेंटिमीटरच्या चौकोनी जागेत पाच मायक्रॉनचे खण पाडले तर ते ६,४०० कोटी भरतात. आमच्यासारख्यांना ते शक्य नाही. संशोधन संस्थांतले लोक महासंगणकावर असलं करतात, तेही क्षणभराचं. म्हणून बॉयलरच्या गणितात गनच्या तोंडाशी फवारा आपण हाताने भरतो. इतके टक्के थेंब ५० मायक्रॉनचे, इतके १५०, इतके ३००. ही वाटणी लिहायचं सगळ्यात चालणारं सूत्र रोझिन आणि रामलर यांचं, १९३३ चं, आणि ते मुळात दगडी कोळशाच्या भुकटीसाठी होतं! दळलेल्या कोळशाचं सूत्र द्रवाच्या थेंबांना बसतं, यात खोल कारण काही नाही. बसतं म्हणून वापरतात. सरासरी व्यास सांगायची रीत झाऊटर या जर्मन इंजिनिअरची. साधी सरासरी इथे फसवते, कारण लाख बारीक थेंबांपेक्षा चार जाड थेंबांत जास्त माल असतो. झाऊटरची सरासरी मालाला कातडीने भागते. भट्टीला देणंघेणं तेवढ्याशीच.

म्हणजे इतक्या मोठ्या गणिताचा पहिला घास आपण भरवतो. तो चुकला की पुढचे वीस लाख खण चुकीचा हिशोब अगदी बिनचूक करतात.

एका डिस्टिलरीच्या बॉयलरचं काम माझ्याकडे आलं होतं. नाव घेत नाही. मागच्या भिंतीला थर धरतो, गनचा कोन बदलावा का, असा प्रश्न. मी नोझलच्या कॅटलॉगमधले आकडे घेतले, १४० मायक्रॉनची सरासरी, साठ अंशांचा शंकू. आठवडाभर गणित चालवलं. रंगीत चित्रं अशी सुरेख आली की मीटिंगमध्ये कुणी प्रश्नच विचारला नाही. सगळे थेंब भिंतीच्या दीड मीटर अलीकडे वाळत होते. मी सांगितलं, कोन आहे तो ठेवा, दोष बगॅसच्या ओलीचा असेल. चौथ्या आठवड्यात बॉयलर बंद पडला. मागच्या भिंतीपाशी फणसाएवढा क्लिंकर.

भट्टी थंड झाल्यावर मी गन काढून घेतली आणि दोन गोष्टी दिसल्या, ज्या मी आधी बघायला हव्या होत्या. एक, भोक झिजून मोठं झालं होतं, आणि एका बाजूने जास्त. स्लॉपमध्ये बारीक रेव असते, ती धातू खाते. दुसरी मला शिफ्टच्या पोराने सांगितली. “सर, रात्री घट्ट होतंय बगा. दोन वाजल्यानंतर दाब वाढवूनच चालवताव आमी.” डिसेंबर होता. स्लॉपची लाइन टाकीपासून बॉयलरपर्यंत उघड्यावरून येत होती आणि तिच्यावरचं वाफेचं गरम आवरण निम्म्या लांबीत बंद होतं. दिवसा चाललेलं काम रात्री काकवी व्हायचं. कॅटलॉगमधले आकडे मात्र पाण्याचे, नव्या नोझलचे, गार हवेतले. तिन्ही बाबतींत माझी भट्टी वेगळी होती. पोराला हे माहीत होतं आणि मी त्याला विचारलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग मोजायला बसलो. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून पट्टीवर वीस नळ्या ओळीने बसवून घेतल्या, एकीला लागून एक. फवारा त्यांच्यावर मिनिटभर धरायचा आणि कुठल्या नळीत किती उंची आली ते बघायचं. स्लॉपऐवजी गुळाचं पाणी वापरलं, आधी दाट, मग गरम करून पातळ, म्हणजे दिवस आणि रात्र दोन्ही झाले. नव्या तोंडाचा फवारा दोन्ही बाजूंना सारखा पडला, मधे खळगा. झिजलेल्या तोंडाने एका बाजूच्या पाच नळ्या काठोकाठ भरल्या आणि दुसऱ्या बाजूला तळ ओला केला. थेंबाचा आकार लेझरने मोजायची यंत्रं मोठ्या प्रयोगशाळांत असतात. आम्ही जुनी रीत धरली. मॅग्नेशियमची फीत जाळून काचेवर पांढरा थर बसवायचा, ती काच फवाऱ्यातून क्षणात फिरवायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली खड्डे मोजायचे. खड्डा थेंबाहून किंचित मोठा असतो, तेवढं वजा करायचं. शेकडो खड्डे मोजले, डोळे गेले. गुळाच्या थंड पाण्याची सरासरी कॅटलॉगच्या दुपटीहून जास्त आली.

ते आकडे घालून, भट्टीतल्या विरळ धुराचा हिशोब धरून, एका बाजूला झुकलेल्या फवाऱ्यानिशी गणित पुन्हा चालवलं. आता दर शंभरातले काही थेंब ओलेच मागच्या भिंतीला लागत होते, आणि चित्रात ते जिथे लागत होते तिथेच फणस सापडला होता, हातभर डावीकडे. हे हातभर अंतर का, ते मला कळलेलं नाही. लाइनचं गरम आवरण दुरुस्त झालं, गनचं तोंड ठराविक दिवसांनी पिन घालून मोजायचं ठरलं, कोन थोडा खाली केला. त्या हंगामात पुन्हा तसा क्लिंकर झाला नाही, बारीक थर मात्र धरतच राहिला.

तो थर का, यावर मॉडेल अजून अडखळतं. स्लॉपचा थेंब पाण्यासारखा शहाण्याने आटत नाही. वरून साल धरतो, आत वाफ कोंडते, पुरीसारखा फुगतो, कधी फुटून त्याचे पाच होतात. आणि भिंतीला लागला तर चिकटेल की उडेल? कॉम्प्युटर हे आपल्यालाच विचारतो. आपण सांगायचं, इतकी ओल उरली असेल तर चिकटव, नाहीतर सोड. ती ओल किती धरायची, यावर मी तीन वेळा मत बदललंय.

कुणी तुमच्या कारखान्यात अशी रंगीत चित्रं घेऊन आला तर खण किती लाख आणि सॉफ्टवेअर कोणतं हे विचारून वेळ घालवू नका. पहिल्या मोळीतले थेंब किती मायक्रॉनचे धरलेत आणि ते कुठून आणलेत, ते विचारा. मोजले असतील तर कशाने मोजले, पाण्याने की तुमच्या मालाने, किती तापमानाला? गनच्या तोंडाचं भोक शेवटचं कधी मोजलं? आणि रात्रपाळीच्या पोराशी कोण बोललं?